बारा मिनिटं

सहा वाजून अडतीस.
पंचांगात या वेळेला काय म्हणतात ठाऊक नाही,
माझ्या वहीत तिचं नाव 'बारा मिनिटं'.
ऊन गेलेलं, दिवे लागलेले नाहीत,
आणि सोलापूरच्या भिंती
दिवसभर घेतलेली ऊब
हळूहळू परत करायला लागतात.

काल चार पुतळ्यांच्या चौकात घालवली ती.
आधी सिटी बस आडवी आली, मग उसाची ट्रॉली,
मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स:
पुतळ्यांपेक्षा मोठी दहा तोंडं
गॉगल लावून संध्याकाळ बघत होती.
त्यांच्यावरून चौघांच्या माना तेवढ्या दिसत राहिल्या, ताठ.
मार्शल लॉ बघितलेल्यांना
फ्लेक्सचं काय.

आज जोडबसवण्णा चौक.
दिवसा स्टुडिओत पासपोर्ट साइझ काढते मी.
कान दिसू दे, हनुवटी खाली, हसायचं नाही.
शहराला असं सांगता येत नाही.
गटाराच्या झाकणाशेजारी तिपाई रोवली,
भिंगावर काळी काच चढवली
आणि शटर उघडं ठेवलं,
नव्वद सेकंद.

नव्वद सेकंदांत काय होतं?
चालतं ते पुसलं जातं.
विड्या मोजून देऊन परतणाऱ्या बाया,
टॉवेलचे गठ्ठे, गठ्ठ्यांवर बसलेलं पोरगं,
तेलुगूत भांडण, कन्नडात घासाघीस,
उर्दूत ओरडणारा अंडेवाला,
सगळे समोरून जातात
आणि फोटोत कुणीच येत नाही.
उरते रिक्षाच्या मागच्या दिव्याची एक लाल रेघ,
चादरीत चुकून विणला गेलेल्या धाग्यासारखी.

जुन्या फोटोंतले चौक म्हणूनच रिकामे.
लोक म्हणतात, काय शांतता होती हो तेव्हा!
शांतता कुठली.
काच हळू होती.

बंद दुकानाच्या पायरीवर मल्लेशम गड्डम.
रोज असतात. मग्गम विकल्यापासून, असं शेजारी सांगतात.
ते स्वतः सांगतात, चहा झाल्यापासून.
"काय काढालीस गं? काय हाय हितं?"
"चौक काढतेय, मामा."
"चौक कुठं पळून चाललाय? सावकाश काढ की."

रात्री मोठ्या पडद्यावर बघितलं.
दोन्ही बसवण्णा नीट आलेले, शिंगांच्या टोकांसकट.
मल्लेशमही आलेले.
टोपीची शिवण, चपलेचा तुटलेला अंगठा,
वर्षानुवर्षं एका जागी बसायची सवय
एवढी पक्की की पापणीसुद्धा हललेली दिसत नाही.

हात नव्हते.
मनगटांपुढे नुसतं पांढरट काहीतरी,
पिंजलेलं,
मागाखाली साठतो तसला कापूस.

मग आठवलं.
गुडघ्यांवर काहीतरी चाललं होतं त्यांचं,
मला वाटलं, डास हाकलतायत.
उजवा दोरी ओढत होता.
डावा फणी ठोकत होता.
बोलणं माझ्याशी, नजर रस्त्यावर,
आणि हात
वीस वर्षांपूर्वी विकलेल्या मागावर.

आज प्रिंट नेऊन दिली.
बराच वेळ धरली त्यांनी, लांब, मग जवळ.
"चांगला आलाय," म्हणाले, "चौक."
मग बोट फिरलं तिथं, जिथं बोटं नव्हती.
काही बोलले नाहीत.
दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसले,
मास्तरांनी छडी उगारल्यावर पोरं बसतात तसे.
"परत काढ. आता हलत न्हाई."

सहा एकोणचाळीस.
तिपाई उभी होती. काच पुसलेली.
समोर ते, ताठ, श्वास धरून,
पासपोर्टला बसल्यासारखे.

मी भिंगावर झाकण लावलं.
म्हटलं, "उजेड गेला, मामा. उद्या बघू."

उजेड होता अजून.
दहाएक मिनिटं तरी.